‘मेलेल्या’ सॉकेटाची कैफियत

माझ्या एका स्नेह्यांचा संगणकाच्या अंतरंगाविषयीचा अधिकार मला पूर्ण मान्य आहे, आणि तो मान्य असल्यामुळेच त्यांच्या एका विधानाचा प्रतिवाद मी तोंडी न करता लेखी करीत आहे. तोंडी वादात ते मला वाक्य पुरे करू देत नाहीत, हे दुसरे कारण. विधान त्यांनी २०२४ च्या दिवाळीत, माझ्याच ओसरीवर, माझ्याच चिवड्याची बशी मांडीवर घेऊन केले. माझा मिरजेचा भाचा आपल्या पीसीचे गाऱ्हाणे घेऊन आला होता. यंत्र पाच वर्षांचे: रायझन ५ २६०० हा प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर-४ रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, ४ जीबीचे जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड, आणि गाठीला शिकवण्या करून साठवलेले २२ हजार रुपये. नवे गेम अडखळत चालतात, तर काय बदलू, एवढाच त्याचा प्रश्न होता. स्नेह्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला : “एएम-४ मेलं. मेलेल्या सॉकेटात आता घातलेला रुपया पाण्यात गेला म्हणून समज. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, तिन्ही एकदम नवी घे आणि पुढची आठ वर्षं निश्चिंत हो.”

हे मत त्यांचे एकट्याचे असते तर मी कागद खर्ची घातला नसता. परंतु दुकानाच्या गल्ल्यामागून, वसतिगृहाच्या खोल्यांतून आणि कचेरीतल्या चहाच्या वेळी हेच मत इतक्या जणांच्या तोंडून इतक्या ठामपणे ऐकू येते की त्याला आता सिद्धांताची प्रतिष्ठा लाभली आहे, आणि मोजक्या पैशांत पीसी सुधारू पाहणारी मुले त्या प्रतिष्ठेपायी दुप्पट खर्चात पडतात.

प्रथम मृत्यूची वार्ता तपासून पाहू. मदरबोर्ड हा वाडा मानला तर प्रोसेसर हे त्यातले बिऱ्हाड, आणि सॉकेट म्हणजे कोणते बिऱ्हाड आत येऊ शकेल हे ठरवणारी चौकट. एएमडी कंपनीची एएम-४ ही १३३१ छिद्रांची चौकट २०१६ साली बाजारात आली, आणि मार्च २०१७ मध्ये पहिले रायझन प्रोसेसर तिच्यात बसले. त्यानंतर त्याच चौकटीतून एकामागून एक पिढ्या आत आल्या, त्या थेट नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ५००० मालिकेपर्यंत. एप्रिल २०२२ मध्ये रायझन ५ ५६०० आला, आणि त्याच महिन्यात ९६ एमबी कॅशचा ५८००एक्स३डी. सप्टेंबर २०२२ मध्ये एएम-५ हे नवे सॉकेट अवतरले आणि त्या दिवसापासून जुन्याचे सुतक पाळले जाऊ लागले. पण या दिवंगताच्या घरी जानेवारी २०२४ मध्ये ५७००एक्स३डीचा पाळणा हलला, आणि त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस आणखी दोन प्रोसेसर जन्मास आले. मृत्यूनंतर दोन वर्षांनी संतती होते, असे मृत आमच्या महसुली दप्तरांत पूर्वी आढळत, आणि त्यांच्या वारसांची चौकशी मामलेदार फार बारकाईने करीत.

चेष्टा सोडून देऊ. या सॉकेटावर नव्या घडणीचा प्रोसेसर यापुढे येणार नाही, हे स्नेह्यांचे म्हणणे खरे आहे, आणि ते मी विनाशर्त मान्य करतो. माझा आक्षेप त्या तथ्यातून त्यांनी काढलेल्या निष्कर्षाला आहे. एएम-४ चे ज्यांनी गोडवे गायले, त्यांत हे स्नेही आघाडीवर होते. “बोर्ड एकदा घ्या, प्रोसेसर पुढे केव्हाही बदला” हा उपदेश भाच्याला २०१९ साली त्यांनीच केला होता, आणि तो उत्तम होता. आता तो उपदेश फळाला येण्याची घटिका आली, त्याच बोर्डात सहापट नव्हे पण डोळ्यांना सहज जाणवेल इतका सरस प्रोसेसर बसू शकतो अशी स्थिती प्राप्त झाली, आणि नेमक्या या मुहूर्तावर ते म्हणतात की बोर्ड काढून टाका! मुदतठेवीची पावती पाच वर्षे देवघरातल्या डब्यात जपावी, मुदत भरल्या दिवशी ती फाडावी, आणि बँकेत जाऊन नवी ठेव उघडावी, असा हा व्यवहार आहे. माझी सारी हयात जिल्हा परिषदेच्या लेखाविभागात गेली; असा जमाखर्च माझ्या टेबलावर आला असता तर मी त्यावर शेरा मारून तो परत पाठवला असता.

नवी ठेव तरी किती मातबर आहे? एएम-५ ला किमान २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर मिळत राहतील, असे कंपनीने जाहीर केले आहे, आणि ते वचन ती पाळील असे मी धरून चालतो. परंतु भाचा प्रोसेसर बदलतो पाच-सहा वर्षांतून एकदा. त्याने दिवाळीत नवा वाडा घेतला असता तर नव्या बिऱ्हाडाची गरज त्याला २०२९-३० च्या सुमारास पडली असती. तोवर हे सॉकेटही ‘मेलेले’ असण्याचा संभव दाट, आणि तेव्हा हेच स्नेही याच ओसरीवर तोच निकाल देतील. जो हक्क वापरण्याची वेळ आली की सल्लागार तो सोडून द्यायला सांगतात, त्या हक्कासाठी आज रोख का मोजावी?

शिवाय भविष्य ही वस्तू या व्यापारात ग्राहकाच्या ताब्यात कधीच नसते. २०१७ च्या जानेवारीत ज्यांनी इंटेलच्या २०० मालिकेचे खर्चिक बोर्ड घेतले, त्यांना त्याच वर्षी ऑक्टोबरात कळले की आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच ११५१ अंकाच्या सॉकेटाचे असूनही त्यांच्या बोर्डावर चालणार नाहीत. चौकट तीच, उंबरठा तोच, आणि आत जायला मात्र मज्जाव. एएमडीनेही मे २०२० मध्ये घोषणा केली होती की बी४५० आणि एक्स४७० च्या बोर्डांवर पुढची पिढी चालणार नाही. बायॉस ज्या चिपमध्ये राहतो तिची जागा अपुरी, असे कारण दिले गेले. ग्राहकांनी गिल्ला केला तेव्हा त्याच महिन्यात घोषणा मागे घेतली गेली, आणि २०२२ मध्ये तर त्याहून जुन्या ३०० मालिकेलाही प्रवेश मिळाला. २०१७ साली दुप्पट पैसे मोजून एक्स३७० घेणारा आणि काटकसरीने बी३५० घेणारा, असे दोघे पाच वर्षांनी एकाच दारापाशी पोहोचले. महागड्या बोर्डावरचे जादा पोर्ट आणि जादा दिवे पहिल्याच्या पदरात पडले असतील. जादा भविष्य पडले नाही.

आता स्नेह्यांच्या भात्यातला दुसरा बाण : “प्रोसेसर कार्डाला अडवतो आहे, बॉटलनेक आहे.” हा शब्द हल्ली ‘वातप्रकोप’ या शब्दासारखा वापरला जातो; काय दुखते ते वैद्याला कळले नाही की तो कामी येतो. प्रोसेसर आणि कार्ड यांची नावे भरली की शेकड्याच्या हिशेबात अडवणूक सांगणारी कोष्टकेही निघाली आहेत, आणि त्यांची योग्यता मुहूर्ताच्या कोष्टकांहून अधिक नाही. कारण अडवणूक ही त्या दोन वस्तूंच्या जोडीत नसते, ती प्रत्येक गेमात, प्रत्येक रिझोल्यूशनला निराळी असते. ती मोजण्याची रीत मात्र इतकी सोपी आहे की शास्त्रज्ञाचा आव आणण्याचे कारण नाही. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर पडद्याच्या कोपऱ्यात दिसेल अशी व्यवस्था करावी. तो आकडा ९८-९९ टक्क्यांवर चिकटून बसला तर दोष कार्डाचा. तो ५०-६० वर लोळत असेल आणि तरीही चित्र अडखळत असेल, तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर उतरवून पाहावे. कार्डाचे ओझे कमी करूनही सेकंदाच्या फ्रेम वाढल्या नाहीत, तर दोष प्रोसेसरचा किंवा रॅमचा.

आम्ही दोन संध्याकाळी हे काम केले. भाचा खेळत होता आणि मी पाठकोऱ्या कागदावर आकडे उतरवीत होतो. मोठ्या कथानकाच्या, विस्तीर्ण नगरांच्या गेमांत कार्ड ९९ वर, प्रोसेसर निम्मा रिकामा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये प्रकार उलटा : कार्ड साठीच्या घरात, सरासरी फ्रेम समाधानकारक, पण धुराच्या लोटात दोन-तीन जण एकदम शिरले की सारे चित्र क्षणभर गोठायचे. सरासरीचा आकडा ही फार फसवी वस्तू. गावात वर्षाला पाऊस पुरेसा पडतो, एवढ्याने जूनची पेरणी साधत नाही. म्हणजे दोष दोन्हीकडे होता आणि रोग दोन होते.

तिसरा दोष मात्र अनपेक्षित निघाला. रॅमच्या पट्ट्यांवर ३००० असा वेग छापलेला, आणि बायॉसमध्ये पाहावे तो त्या पाच वर्षे २१३३ नेच धावत होत्या, कारण यंत्र जोडून देणाऱ्याने एक्सएमपी ही नोंद कधी चालूच केली नव्हती. रायझनच्या आतल्या दळणवळणाची गती रॅमच्या गतीशी बांधलेली असते, त्यामुळे हा तोटा दुहेरी होता. ती नोंद चालू करायला एक मिनिट लागले आणि एक छदामही खर्च झाला नाही. या मुद्द्यावर स्नेह्यांनी मान डोलावली, पण तो आपल्या मताला छेद आहे असे त्यांना वाटले नाही.

आता हिशेब. स्नेह्यांनी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून फोनवर दर काढले : रायझन ५ ७६००, मध्यम प्रतीचा बी६५० बोर्ड, आणि डीडीआर-५ रॅम १६ जीबी, मिळून ३६ हजारांच्या आसपास. भाच्याच्या गाठीला होते २२. उरलेले चौदा त्याच्या वडिलांकडून उसने घ्यावेत अशी तजवीज सुचवण्यात आली. आणि एवढे झाल्यावर ग्राफिक्स कार्ड कोणते? तेच ४ जीबीचे १६५०! ज्या गेमांत दोष कार्डाचा होता, त्या गेमांत ३६ हजार खर्चूनही पडद्यावर एक फ्रेम वाढली नसती. कार्डासाठी पुढल्या दिवाळीपर्यंत थांबावे, असे उत्तर मिळाले. विहीर आटली म्हणून नवी मोट बांधावी, आणि विहिरीचे पुढल्या साली पाहू म्हणावे, तशातला प्रकार.

माझी तजवीज अशी : रायझन ५ ५६०० दहा हजारांच्या आसपास, ८ जीबीचे आरएक्स ६६०० कार्ड वीस हजारांच्या आतबाहेर, जुना प्रोसेसर आणि जुने कार्ड सांगलीच्या एका विद्यार्थ्याने ८ हजारांना उचलले. बेरीज वजाबाकी केली तर २२ हजारांत प्रकरण निकाली. पॉवर सप्लाय ४५० वॅटचा होता तो तसाच राहिला. कार्डाची भूक १३२ वॅटची, प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला.

५६०० च का आणि त्याहून स्वस्त ५५०० का नाही, हे येथे थांबून सांगणे भाग आहे, कारण दुकानात हे दोन भाऊ जुळे म्हणून दाखवले जातात. दोघांत सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत, पण ५६०० पाशी ३२ एमबी एल-३ कॅश आहे आणि ५५०० पाशी १६. भाच्याच्या जुन्या २६०० पाशीही १६ च होती, आणि तीसुद्धा दोन वेगळ्या खोल्यांत विभागलेली, म्हणजे एका खोलीतल्या कोअरला दुसऱ्या खोलीतले धान्य हवे असेल तर अंगण ओलांडून जावे लागे. ५६०० मध्ये साही कोअरांचे कोठार एकच. गेम चालतो तेव्हा प्रोसेसरचा पुष्कळसा वेळ रॅमकडून माल येण्याची वाट पाहण्यात जातो. कोठार मोठे आणि हाताशी असले की वाट पाहणे घटते, आणि मघाचे ते क्षणभर गोठणे थांबते. एक्स३डी नावाच्या प्रोसेसरांचा सारा पराक्रम या एका गोष्टीत आहे.

स्नेह्यांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. बी४५० बोर्डाचा ग्राफिक्स कार्डाकडे जाणारा रस्ता पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, म्हणजे आजच्या मानाने अरुंद. आरएक्स ६६०० आठ पदरांनी जोडले जाते, म्हणून त्याचे नुकसान किरकोळ होते. परंतु आरएक्स ६५०० एक्सटी हे ४ जीबीचे स्वस्त कार्ड अवघ्या चार पदरांवर चालते, आणि जुन्या बोर्डात ते अक्षरशः लंगडते. गंमत अशी की जुना बोर्ड ज्याच्याजवळ असतो तोच बहुधा स्वस्त कार्ड शोधत असतो. या सापळ्याबद्दल स्नेह्यांनी भाच्याला सावध केले असते तर मी हा लेख लिहिण्याऐवजी त्यांना आणखी चिवडा वाढला असता.

राहता राहिली प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. आमच्या गावातल्या एका दुकानदाराने, ज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, “ह्या बोर्डावर ५६०० चालत नाही” असे ठणकावून सांगितले होते. बोर्डाच्या निर्मात्याच्या यादीत तो प्रोसेसर स्पष्ट छापलेला होता, समोर बायॉसची कोणती आवृत्ती लागते तेही होते. क्रम एवढाच सांभाळायचा की जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायॉस नवा करून घ्यायचा. नवा आधी बसवला तर पडदा काळाच राहतो आणि लोक बोर्ड फेकून देतात. पेनड्राइव्हवर फाइल घेतली. ती चढत असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होण्याचे भय, आणि आमच्याकडे विजेचा भरवसा तो काय! म्हणून भाच्याने शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर मागून आणला, आणि पाच मिनिटे घरातले कोणी मिक्सरला हात लावायचा नाही असा हुकूम काढला.

खरी कसोटी पुढे होती. कूलरखालची थर्मल पेस्ट पाच वर्षांत वाळून सिमेंटासारखी झालेली. भाच्याने कूलर सरळ वर ओढला, आणि त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही सॉकेटातून उपटून बाहेर आला, कोपऱ्यातल्या दोन पिना आडव्या झालेल्या. हा प्रोसेसर आठ दिवसांनी विकायचा होता. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. “मामा, गेला,” एवढेच तो म्हणाला. मी माझी शिसे बदलायची पेन्सिल घेतली, शिसे काढून टाकले, तिचे पोकळ टोक एकेका पिनेवर बेताने चढवले आणि केसभर केसभर करीत ती उभी केली. मग खिडकीच्या उजेडात प्रोसेसर तिरपा धरून रांगा डोळ्याखालून घातल्या, जसे पूर्वी खातेवहीचे रकाने घालीत असू. धडा असा की आधी अर्धा तास गेम चालवून पेस्ट ऊन होऊ द्यावी, यंत्र बंद करावे, आणि कूलर ओढण्यापूर्वी डावी-उजवीकडे हलके पिळावा. एएम-५ मध्ये पिना बोर्डाकडे गेल्या आहेत, त्यामुळे हा अपघात तेथे घडत नाही. स्नेह्यांना हा गुण मी माझ्या हाताने लिहून देतो.

ज्यांच्या घरी चौथ्या पिढीचा आय-५ आणि डीडीआर-३ रॅम आहे, त्यांच्यासाठी यातले काहीही नाही. तो वाडा खरोखर मोडकळीस आला; तेथे बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही बदलणे प्राप्त आहे, आणि तेथे कोणते सॉकेट घ्यावे हा वाद नव्याने मांडता येईल. तयार ब्रँडेड यंत्रांत बोर्डाची विजेची जोडणी कित्येकदा विचित्र घाटाची असते, तेव्हा तेथेही आधी झाकण उघडून पाहावे. मात्र स्वस्तात मस्त म्हणून सर्व्हरमधून काढलेले झिऑन आणि चिनी एक्स९९ बोर्ड यांच्या जोड्या जे गळ्यात मारतात, त्यांच्यापासून दूर राहावे. कोअर पुष्कळ, पण एकेका कोअरची चाल बैलगाडीची, आणि तक्रार घेऊन जायचे तर पत्ताच नाही.

स्नेह्यांनी माझी तजवीज ऐकून शेवटचे अस्त्र काढले होते : आज डीडीआर-५ स्वस्त आहे, ती आजच घेऊन ठेवावी. याला मी तेव्हा उत्तर दिले नाही, आणि पुढे जे घडले त्याने त्यांचीच बाजू काहीशी उचलून धरली, हे कबूल करतो. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीच्या चिपा अशा काही उचलल्या की रॅमचे दर कडाडले, आणि डिसेंबरात मायक्रॉनसारख्या कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा आपला व्यवसाय गुंडाळण्याची घोषणा केली. २०२४ च्या दिवाळीत डीडीआर-५ घेणारा दरात सुखी ठरला असता, हे खरे. पण या महागाईची झळ डीडीआर-४ लाही लागली; ज्याने आपल्या जुन्या पट्ट्या काढून टाकल्या नाहीत, त्याला रॅम विकत घ्यावीच लागली नाही, हा दर तर सर्वांत स्वस्त.

भाच्याचा पीसी नीट चालू आहे. गेल्या महिन्यात स्नेही पुन्हा ओसरीवर आले होते. त्यांनी झाकण उघडायला लावून आत टॉर्च मारला, बी४५० च्या बोर्डाकडे अंमळ पाहिले, त्या दोन पिनांची हकिकत पुन्हा एकदा सांगायला लावली, आणि निघता निघता, चपला घालता घालता, कचेरीतल्या एका जुन्या यंत्रासाठी भाचा आपल्या दोन पट्ट्यांतली एखादी विकणार आहे का, अशी चौकशी केली.